चादरीचं दुसरं टोक

मला गोष्टी सांगायला लावू नका म्हणून घसा कोरडा झाला माझा. जेवण झालं की म्हाताऱ्या माणसानं पडावं. पण नाही. नात ऑफिसातून रडत आली, भरल्या ताटावरून उठली, आणि सूनबाई म्हणतात, "बाबा, तिला ती शिट्टीची गोष्ट सांगा." जसा काही मी औषधाचं दुकान टाकून बसलोय.

हे बघ पोरी. तुझा तो साहेब चारचौघांत तुला विचारतो, डोकं घरी ठेवून आलीस का. त्याचं काय करायचं ते मला ठाऊक नाही. मी चौथीत शाळा सोडली. मला उपदेश येत नाही. घडलेलं तेवढं येतं. ते सांगतो. मध्ये कुणी फोन काढला तर मी उठलो. आणि तो गॅलरीतला दिवा घालवा, डोळ्यांवर येतोय.

तर स्वेटर. सुरुवात स्वेटरापासून आहे.

तीन वर्षं झाली. डिसेंबरातला दुसरा मंगळवार. मी रात्रपाळीला निघालो होतो आणि माझी थोरली बहीण, म्हणजे तुमची आत्याआजी, दारात स्वेटर घेऊन उभी. म्हणाली, "पोरगा तसाच गेलाय कामावर. एवढा दे त्याला."

मी म्हटलं, "चोवीस वर्षांचा घोडा आहे तो. त्याला थंडी कळत नाही?"

ताई म्हणाली, "तू दे रे."

दिला असता की. दोन मिनिटांचं काम. मी आणि भाचा एकाच ठिकाणी कामाला होतो. लाँड्री. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याची नव्हे, मोठी. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी. पुढं धुण्याची यंत्रं. मग वाफेवर तापणारा रोलर, त्यातून चादर गेली की कडक सपाट होऊन बाहेर. आणि शेवटी लांबलचक खोली, तिथं घड्या घालायच्या. खोलीच्या भिंतीपलीकडं माझा बॉयलर. मधे एक लोखंडी दार आणि वर जाळी. जाळीतून पलीकडचं सगळं ऐकू यायचं. कुणी शिंकलं तरी.

आता घडी कशी घालतात ते ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. दवाखान्याची चादर एकट्यानं नीट होत नाही. दोघं लागतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला. चादर मधे उभी धरलेली असते, त्यामुळं समोरचा दिसत नाही. म्हणून आवाज द्यायचा. एकानं म्हणायचं "ताण". दोघांनी ताणायची. मग "मोड". दुमडायची. मग समोरचा म्हणतो "ये". की आपण चालत जायचं आणि आपली टोकं त्याच्या हातात द्यायची. पुन्हा ताण, मोड, ये. दर घडीला माणसं जवळ येतात. शेवटच्या घडीला बोटाला बोट लागतं.

भाच्याच्या समोर असायची मावशी. सगळी लाँड्री तिला मावशीच म्हणायची, मॅनेजरसुद्धा. ती डावखुरी. सगळ्यांच्या चादरीची मोकळी कड उजवीकडं यायची, हिची डावीकडं. किती बोलणी खाल्ली तिनं त्यावरून. आणि घडी झाली की डाव्या मुठीनं चादरीवर दोनदा मारायची. थप, थप. म्हणजे झाली. मला पलीकडं बॉयलरजवळ ऐकू यायचं ते. दिवसभर. थप, थप. झोप यायची त्यावर.

भाचा तोतरा. तुम्हाला माहीतच आहे तुमचा काका. "पाणी" म्हणायला त्याला ग्लास रिकामा करण्याइतका वेळ लागतो. पण "ताण", "मोड" म्हणताना कधी अडखळला नाही. मावशीसमोर नाही.

आणि मग शिट्टी.

घड्यांच्या खोलीचा सुपरवायझर. खरं नाव काय असेल ते असो, आम्ही शिट्टी म्हणायचो. गळ्यात काळ्या दोरीनं स्टीलची शिट्टी. माणसाला हाक मारणं त्याला कमीपणाचं वाटायचं. एक फुंकली की पहिल्या टेबलावरच्यानं पळत यायचं. दोन फुंकल्या की दुसऱ्या. कुत्रीसुद्धा नावानं बोलावतात हो लोक.

भाच्याला तो रेडिओ म्हणायचा. रोज संध्याकाळी सगळ्यांना गोळा करायचा आणि किती गठ्ठे झाले ते भाच्यालाच मोठ्यानं सांगायला लावायचा. पोरगं "प... प..." करत उभं. हा कानाला हात लावून म्हणायचा, "स्टेशन लागलं का रे? अरे, याची तार हलवा कुणीतरी!" मग हसायचा. आणि कोण हसत नाही ते बघायचा. म्हणून सगळे हसायचे. मी एकदा तोंडावर म्हटलं त्याला, "तुझ्या बापाला बोलता येत होतं ना नीट, मग तुला का नाही शिकवलं?" तेव्हापासून मला त्या खोलीत पाय ठेवायला बंदी.

मावशीचे गुडघे गेलेले. ती मधेमधे टेकायला एक स्टूल ठेवायची. शिट्टीनं ते काढून घेतलं. म्हणाला, इथं काय पाहुणे येतात का? नोव्हेंबरातल्या एका दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं. घरी जाऊ का म्हणाली. हा म्हणाला, "ढीग संपव, मग खुशाल जा."

तिनं ढीग संपवला. मग भिंतीला टेकून खाली बसली. शेवटची चादर मांडीवर. सगळ्यांना वाटलं, दमली.

हा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि शिट्टी फुंकली. ती उठली नाही. पुन्हा फुंकली. कानाशी वाकून पुन्हा फुंकली.

ती केव्हाच गेली होती.

...

पाणी दे जरा.

 भाचा पुढच्या सोमवारी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. आमचा मॅनेजर म्हणजे कॉलर. मान वळवली तर कॉलरची इस्त्री मोडेल म्हणून अख्खा माणूस वळायचा. पोरानं अडखळत अडखळत सगळं सांगितलं. स्टूल, छातीतलं दुखणं, मेलेल्या बाईच्या कानात फुंकलेली शिट्टी. कॉलरनं ऐकून घेतलं, "बघतो" म्हणाला, आणि शिट्टीलाच आत बोलावून म्हणाला, "हा तुमची तक्रार करतोय. तुमचं तुम्ही मिटवा."

मिटवा! जसा काही पत्त्यांचा डाव होता.

शिट्टीनं मिटवायला घेतलं. आधी पोराला जोडीच दिली नाही कुणाची. जो समोर उभा राहील त्याची हजेरी कापीन म्हणाला. मग तो डिसेंबरातला मंगळवार. दोन दवाखान्यांचा माल एकदम आला होता. संध्याकाळच्या पाळीनं सगळ्या चादरी रोलरमधून काढल्या आणि खोलीत डोंगर रचून घरी गेली. शिट्टी भाच्याला म्हणाला, "हे सगळं तुझं. एकट्याचं. सकाळी गाडी यायच्या आत घड्या झाल्या पाहिजेत. एक चादर जमिनीला लागली, एक सुरकुती दिसली, तर उद्यापासून घरी बसून आईला गाणी म्हणून दाखव, रेडिओ."

ताईच्या घरात तेवढीच एक कमाई होती. ताईचे डोळे अधू, मेहुणे जाऊन वर्ष झालेलं. हे शिट्टीला माहीत होतं. माहीत होतं म्हणून तर.

मी स्वेटर घेऊन पोचलो तर पोरगं आत आणि खोलीला बाहेरून कुलूप. मधलं लोखंडी दारही त्यानं बंद करून ठेवलेलं. दोन्ही किल्ल्या शिट्टीच्या खिशात. मला म्हणाला, "मामा, रोलरची वाफ बंद करा. एकट्यासाठी कशाला जाळायची? आणि त्याला मदत केलीत तर दोघंही घरी." म्हणून मी अकरा वाजता वाफेची चावी फिरवून बंद केली. या हातानं. रोलर हळूहळू थंड झाला, आणि त्याबरोबर ती खोली. शिट्टी पुढच्या केबिनमध्ये जाऊन झोपला. स्वेटर मी माझ्या बाजूनं दाराच्या कडीला अडकवला. म्हटलं, दार उघडलं की देऊ.

पुढचं मला भाच्यानं सांगितलं. तुटक तुटक. मी सरळ करून सांगतोय.

चादरीचं एक टोक त्यानं ट्रॉलीच्या दांड्याला चिमट्यानं लावलं. दुसरं हातात. दुमडायचं, चालत जायचं, चिमटा काढायचा, पुन्हा लावायचा. असं करत करत चार चादरी झाल्या तोवर हात भरून आले. डोंगर तसाच. त्यानं घड्याळाकडं पाहिलं. नाही होत, हे त्याला कळलं. आईला काय सांगायचं, ते जुळवायला लागला मनात.

पुढची चादर उचलली. डोकं ठिकाणावर नव्हतं. चिमटा लावायचा राहिला. चादर समोर उभी धरली आणि सवयीनं तोंडातून गेलं...

"ताण."

चादर ताणली गेली.

आधी त्याला काही वाटलं नाही. हाताला ओळखीचा ताण होता तो. मग लक्षात आलं. चिमटा त्याच्या खिशात होता.

तो हलला नाही.

चादरीमुळं पलीकडचं दिसेना. खालून बघितलं. चादर जमिनीपासून वीतभर वर होती. खाली फरशी. ट्रॉलीची चाकं. पाय नव्हते.

सोडावी? सोडली तर जमिनीला लागेल. लागली तर नोकरी.

बघा पोरांनो, समोर काय आहे ते माहीत नाही आणि पोरगं चादर मळेल म्हणून घाबरतंय. इतकं करून ठेवलं होतं त्या माणसानं.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मोड."

दुमडली. पलीकडची कड बरोबर कडेवर आली.

आता "ये" यायला हवं होतं. आलं नाही. नुसता एक हलका ओढा आला. लहान मूल बोट धरून ओढतं तसा.

तो चालत गेला.

टोकं पुढं केली. कुणीतरी घेतली. बोटाला बोट लागलं. ओलं होतं. गार. धुण्याच्या यंत्रातून नुकत्याच काढलेल्या कपड्यासारखं.

तो डोळे मिटून मागं आला.

ताण. मोड.

ओढा.

ताण. मोड.

आणि मग मी ते ऐकलं. भिंतीच्या अलीकडं, बॉयलरजवळ, बाकावर बसल्या बसल्या.

थप. थप.

मला वाटलं, डुलकी लागली माझी. उठून तोंडावर पाणी मारलं. भट्टीचा आवाज तेवढा. मग जाळीतून भाच्याचा आवाज. "ताण." न अडखळता. "मोड." आणि परत.

थप. थप.

मी हाक नाही मारली. का विचारू नका.  मी नुसता ऐकत बसलो. चादरीमागून चादर. रात्रभर.

पहाटे चारच्या सुमाराला शिट्टी उठला. पोरगं झोपलेलं सापडेल या आनंदात गेला असणार. कुलूप उघडल्याचा आवाज आला मला. मग काहीच नाही. मग त्याचा आवाज, "कोण होतं?"

डोंगर संपला होता. सगळ्या चादरी गठ्ठ्यात. एकावर एक.

"कोण होतं आत? किल्ली माझ्याकडं आहे. कुणी केली मदत?"

भाचा "म... म..." करायला लागला.

"स्टेशन लाव, रेडिओ! कोण?"

आणि पोरगं स्वच्छ म्हणालं, "मावशी."

शिट्टी हसायला गेला. मग त्यानं वरची चादर उचलली. मोकळी कड डावीकडं. खालची बघितली. डावीकडं. त्याखालची. डावीकडं. हसू तिथंच राहिलं तोंडावर, वाळत घातल्यासारखं. मग चिडला. असली माणसं घाबरली की चिडतात. गठ्ठ्याला लाथ घातली.

"नाटकं करता? मामा-भाचे मिळून? बोलव तिला. माझ्यासमोर बोलव!"

भाचा म्हणाला, "नको साहेब."

"नको काय? मी बोलावतो."

एक चादर झटकून उघडली त्यानं. दोन कोपरे हातात, बाकीची खाली लोळतेय. आणि भाच्याकडं बघत, त्याची नक्कल करत म्हणाला...

"ता... ता... ताण."

खाली लोळणारी चादर उठली.

सरळ. ताठ.

भाचा भिंतीला जाऊन चिकटला. तो कडेला होता, त्याला दोन्ही बाजू दिसत होत्या. एका टोकाला शिट्टी. दुसऱ्या टोकाला कुणी नाही. नुसते चादरीचे दोन कोपरे. हवेत. बाईमाणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर.

शिट्टीनं हात सोडवायला पाहिलं. बोटं उघडेनात.

"मोड" कुणी म्हटलं नाही. चादर आपली आपण दुमडली.

मग पलीकडून...

"ये."

हे मी ऐकलं. शपथेवर सांगतो. महिन्याभरापूर्वी जिला पोचवून आलो होतो तिचा आवाज कानानं ऐकला.

शिट्टी चालत नव्हता. त्याचे बूट घसरत होते. फरशीवर.

त्यानं मान वाकवून शिट्टी तोंडात धरली. फुंकली. लांब. आजवर एवढी लांब फुंकली नसेल. कुणी पळत आलं नाही.

"ये."

बूट घसरले.

चादर अर्धी. मग पाव.

शिट्टी फुंकतच होता.

"ये."

फुंकणं मधेच तुटलं. शिट्टी तोंडातून सुटली. छातीवर लोंबली.

घडी त्याच्या छातीशी आली.

थप.

...

थप.

मी बाहेरच्या वाटेनं धावत गेलो. या गुडघ्यांनी. दार सताड उघडं. भाचा भिंतीशी उभा. आणि शिट्टी समोरच्या भिंतीला टेकून खाली बसलेला. मावशी बसली होती तिथंच. जिवंत होता. डोळे उघडे. हात पुढं, बोटं आवळलेली, काहीतरी धरल्यासारखी. ओठांचा चंबू करून फुंकत होता. आवाज नव्हता. गळ्यात काळी दोरी होती. दोरीला शिट्टी नव्हती.

ती चादर गठ्ठ्यावर होती. घडी घातलेली. मोकळी कड डावीकडं.

भाच्याला मी बाहेर काढलं. फाटकापर्यंत आलो तेव्हा कुठं मला दिसलं, त्याच्या अंगात स्वेटर होता. ताईनं दिलेला. मी म्हटलं, "हा कुणी दिला?" तो म्हणाला, "त... तूच ना मामा? मधे केव्हातरी खांद्यावर आला माझ्या." मी तर तो माझ्या बाजूच्या कडीला अडकवला होता. मधलं दार शेवटपर्यंत बंद होतं.

सकाळी गाडी आली. लाथेनं पडलेल्या चादरी आम्ही दोघांनी पुन्हा लावल्या आणि माल वेळेवर गेला. दवाखान्याची तक्रार आली नाही. भाच्याची नोकरी राहिली. अजून तिथंच आहे. समोर नवी मुलगी असते. स्टूल परत आलंय. शिट्टी पुन्हा कामावर आला नाही. छातीवर त्याच्या डॉक्टरला ओरखडासुद्धा सापडला नाही. बोलतो, जेवतो. फक्त त्याच्या घरात त्याच्यासमोर कुणी चादरीची घडी घालत नाही. वाळली की गोळा करून कोंबतात कपाटात. बायकोनंच सांगितलं त्याच्या.

महिन्याभरानं दवाखान्यातून एक सिस्टर आली. तिथल्या कपाटाच्या तळाशी राहिलेली चादर तिनं उघडली तर आत हे निघालं. कागदात गुंडाळून घेऊन आली होती.

कॉलरनं टेबलावर ठेवून बघितलं. शिट्टी. पोळपाटावर लाटल्यासारखी चपटी. म्हणाला, "ही रोलरखाली गेलीय. वाफ कुणाच्या हातात असते? मामांच्या. मामा-भाच्यांनी माणसाला धमकावलं." मी म्हटलं, रोलर थंड होता. चावी मी बंद केली, तीही शिट्टीच्या सांगण्यावरून. आणि रोलरखाली गेली तर चादरीला भोक कसं नाही? डाग कसा नाही? कॉलर म्हणाला, "जास्त बोलू नका, वय झालंय तुमचं." आणि माझं एक वर्ष राहिलेलं असताना सगळ्यांसमोर, फाटकाशी उभं करून, गुन्हेगार म्हणून घरी घालवलं मला.

केबिनमधून निघताना शिट्टी मी उचलली होती. टेबलावरून. कॉलरच्या देखत.

ही काय, खिशातच असते. घे. घाबरू नकोस गं, चावत नाही. गार लागतेय? संध्याकाळपासून माझ्या छातीशी आहे, तरी गार. आता बोट फिरव त्यावरून. लागले? चार खळगे. एकापुढं एक. मूठ आवळ आणि त्यात बसवून बघ.

उजवी नाही बसायची. डावी घे.

...

बसली ना?

मग आता मला सांगा, रोलरला मूठ असते का? एवढंच मी विचारलं होतं कॉलरला, फाटकाशी. त्यानं मानसुद्धा वळवली नाही. शिट्टीचं शिट्टीला मिळालं, माझं त्याच्याशी काही नाही. मावशीचं मावशीनं वसूल केलं. पण माझी माफी अजून आलेली नाही. ती मागायची आहे कॉलरनं.